किल्ली कोणाच्या हाती

अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवतीचा दगडी परकोट निजामाच्या सरकारने १८०७ साली बांधावयास घेतला, तो पेठेतील सावकारांच्या तिजोऱ्या पेंढाऱ्यांच्या धाडींपासून वाचाव्यात एवढ्याच व्यवहारी हेतूने. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या असा त्याचा तपशील इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत नमूद आहे. आणि त्या तपशिलात मला भिंतीपेक्षा खिडक्यांचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे. भिंत बांधणाऱ्याला भिंतीत वाटा ठेवाव्याच लागतात, कारण ज्या व्यापाराच्या रक्षणार्थ भिंत उभी करावयाची, तो व्यापार मालाची ने-आण केल्यावाचून एक दिवसही जगत नाही. मग कोणता दरवाजा कोणत्या प्रहरी उघडावयाचा, कोणत्या गाडीची झडती घ्यावयाची, आणि अवेळी आलेल्या वाटसरूस खिडकीतून आत घ्यावयाचे की उजाडेपर्यंत बाहेरच तिष्ठत ठेवावयाचे, हे ठरविणाऱ्या पहारेकऱ्यावरच साऱ्या दगडचुन्याची किंमत अवलंबून राहते. संगणकात फायरवॉल नावाची जी व्यवस्था असते, तिचे काम या पहारेकऱ्याच्या कामाहून फारसे निराळे नाही; तिच्यापुढेही क्रमांक लावलेले दरवाजे असतात आणि कोणास आत घ्यावे व आतून कोणास बाहेर जाऊ द्यावे, एवढाच तिचा विचार असतो.

परकोटाला हात लागण्यापूर्वी चारच वर्षे, १५ डिसेंबर १८०३ रोजी, याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरचा गाविलगड आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडले होते हे खरे. परंतु आतल्या किल्ल्याचा दरवाजा तोफेने पडला नाही. मूठभर शिपाई शिडी लावून तट चढले, आत उतरले आणि त्यांनी तो आतून उघडला. वऱ्हाडच्या माणसाला संरक्षणशास्त्राचा पहिला धडा घ्यावयास दूर जाण्याचे कारण नाही.

तथापि तट आणि तोफा हा या लेखाचा विषय नव्हे. साध्या माणसाने आपले गुपित, आपला दस्तऐवज आणि आपला पैसा कोणत्या साधनांनी जपला, याचा वऱ्हाडापुरता मागोवा घ्यावा एवढाच येथे उद्देश आहे. आणि तो घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. साधने या मुलखात सातशे वर्षांपासून आहेत, आणि त्यांतील काही तर आजच्या संगणकशास्त्रज्ञानेही मान डोलवावी इतकी चतुराईची आहेत. परंतु त्यांची किल्ली नेहमी महंताच्या, सावकाराच्या, दलालाच्या किंवा पटवाऱ्याच्या कमरेला राहिली, आणि कुणब्याच्या वाट्याला फक्त अंगठा आला. ती किल्ली सामान्य माणसाच्या खिशात येऊन पडली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, आणि तीही ती कशी वापरावयाची हे त्याला नीटसे कोणी सांगण्यापूर्वीच.

मागोव्याचा आरंभ मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरापासून करणे प्राप्त आहे. गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने महानुभाव पंथीयांस काशीसमान झालेल्या या गावात म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी सिद्ध केल्या. ज्याने जे डोळ्यांनी पाहिले वा कानांनी ऐकले, त्याच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी त्या मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून जे लीळाचरित्र जन्मास आले, त्याच्या मागे साक्षीपुराव्याची इतकी काटेकोर तजवीज होती. पंडित शिष्याने संस्कृतात ग्रंथरचनेचा विचार केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास निवारिले, कारण पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या त्या ज्ञानास मुकतील. ही कथा मराठीच्या प्रत्येक इतिहासकाराने अभिमानाने सांगितली आहे. पण त्याच पंथाने पुढच्या दोन पिढ्यांत, चौदाव्या शतकाच्या मध्यास, आपले मराठी ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त करून टाकले, ही कथा मात्र तितक्या आवडीने सांगितली जात नाही.

या लिपीचे नाव सकळ. सह्याद्रिवर्णनाचे कर्ते रवळोबास हे तिचे प्रवर्तक मानले जातात. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा नावांच्या विसांहून अधिक लिप्या पंथाच्या निरनिराळ्या आम्नायांत, म्हणजे शाखांत, चालल्या. परंतु सर्वांत अधिक पोथ्या सकळेतच उतरल्या. तिचे तत्त्व साधे आहे: प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा खूण योजावयाची. पोथी उघडावी तर काळ्या शाईची दाट ओळ शिस्तीने चाललेली दिसते, वळणे ओळखीची वाटतात, आपली नजर सवयीने पुढे सरकते, आणि उच्चार करू जावे तो एकही शब्द जिभेवर उभा राहत नाही. आपलीच भाषा परक्या कुलपात बसलेली असते. ज्याला उपदेश झाला आहे आणि ज्याला गुरूने अक्षरांची जोडी लावून दिली आहे, तो मात्र तीच ओळ सरळ मराठीत वाचत जातो.

शास्त्राच्या कसोटीवर ही लिपी कच्ची म्हणावी लागेल. एका अक्षराला एकच अक्षर अशी कायमची योजना असली, की कोणती खूण किती वेळा येते हे मोजूनच ती उकलता येते, हे बगदादच्या अल-किंदी या पंडिताने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते. शिवाय गुपित कोणत्याही एका पोथीत नसून रीतीत होते. रीत एकदा फुटली की पोथ्यांचे सारे भांडारच खुले व्हावयाचे. पुढे १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स याने लष्करी गूढलेखनावर लिहिताना असा दंडक घातला, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच ती असावी, आणि गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली, जी वाटेल तेव्हा बदलता यावी. आजचे सर्व संगणकीय गूढलेखन या दंडकावर उभे आहे. सकळ लिपीला बदलण्याजोगी किल्लीच नव्हती. तरीही ती साडेपाचशे वर्षे टिकली, याचे श्रेय गणिताला नसून पंथाच्या मौनाला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांच्या खटपटीने हे दालन उघडले, आणि मग ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्या पिढीने लीळाचरित्र सर्वांच्या हाती दिले.

पण या कुलपाने गुप्ततेखेरीज आणखी एक काम करून ठेवले, आणि ते माझ्या मते अधिक मोलाचे आहे. नागरी किंवा मोडीत फिरणारी पोथी प्रत्येक नकलाकाराच्या हातून थोडी थोडी बदलते. जुना शब्द कळेनासा झाला की तो नवा घालतो, एखादी ओवी मनास आली की ती पदरची भरतो. सकळेत लिहिणाऱ्याला ही मोकळीक सहज मिळत नाही, कारण त्याचे सारे लक्ष खुणेमागून खूण बरोबर उतरविण्यात गुंतलेले असते. यादवकालीन मराठी गद्य आपल्या हाती पुष्कळ अंशी अव्यंग आले, त्यात या लिपीचा वाटा आहे. पंथाचे मठ पुढे पंजाबात, पेशावर-काबूलपर्यंत पसरले, तेथेही मराठी पोथ्या याच अक्षरांत नकलल्या गेल्या. मजकूर दुसऱ्यास कळू नये आणि मजकुरात दुसऱ्याने फेरफार करू नये ही दोन भिन्न कामे आहेत, हे संगणकशास्त्र आज ज्या आग्रहाने शिकविते ते रिद्धपुरास आचरणाने ठाऊक होते.

तिसरे काम प्रतींचे. परंपरा अशी आहे, की खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा लिहविण्यात आली. त्यांत हिराइसा नावाच्या एकपाठी साधकस्त्रीच्या स्मरणातून उतरलेला पाठ आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. एकच प्रत ही प्रत नव्हे, हा नियम संगणकाच्या जमान्यात लोक आपल्या लेकरांची छायाचित्रे गमावल्यावर शिकतात.

महंतांचा मार्ग सोडून पेठेत यावे, तर तेथे गुप्ततेचे कारण परमार्थ नसून भाव आहे. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा येथल्या सराफकट्ट्यावर मराठी कारकून मोडीत लिही आणि मारवाडी मुनीम मुडिया अक्षरांत. या दुसऱ्या लिपीत काना-मात्रा जवळजवळ नसतच, आणि त्यामुळे काकाजी अजमेरला गेल्याचे पत्र घरी काकाजी आजच मेल्याचे म्हणून वाचले गेले व रडारड झाली, ही गोष्ट व्यापारी मंडळी स्वतःच हसत सांगत. अशा वहीत काय लिहिले आहे हे ऋणकोला कधी कळणार नाही, हा त्या लिपीचा दोष होता की गुण, ते तुम्ही वहीच्या कोणत्या बाजूस बसला आहा त्यावर अवलंबून होते.

हुंडीचा कागद मात्र खरोखरच अभ्यासण्याजोगा आहे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच द्यावयाचे, म्हणजे वाटेत चोराने ती लांबविली तरी तिला घेऊन उभे राहावयास त्याला कोणा प्रतिष्ठित पेढीचा आधार शोधावा लागे. हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ, अशा क्रमाने दुय्यम लेख देण्याची रीत होती, आणि एक पटल्यावर बाकीचे आपोआप रद्द समजले जात. सर्वांत नामी युक्ती रकमेची. हजार रुपयांची हुंडी असेल तर अंकी हजार लिहावयाचे, अक्षरी हजार लिहावयाचे, मग त्याचे निमे पाचशे, आणि त्या पाचशेचे दुप्पट पुरे हजार असेही लिहावयाचे. जेणेकरून एका आकड्यापुढे शून्य वाढविणाऱ्या लफंग्याला चार ठिकाणी हात घालावा लागावा आणि निदान एके ठिकाणी तरी तो उघडा पडावा. एखादी फाईल तारेवरून येताना तिचे एकही अक्षर पालटले नाही ना, हे ताडण्यासाठी संगणक मजकुराचाच एक छोटा गोषवारा काढून सोबत पाठवितो. त्यातील गणित फार पुढचे आहे, पण निम्याच्या दुपटीची सावकारी जात त्यात ओळखू येते.

दलालांची आपसांतली बोलीही अशीच. एकाला केवली, दोहोंना आवारू, तिहींना उधानू, चोहोंना पोकू आणि पाचांना मुळू म्हणणारी अंकभाषा जुन्या मराठी कोशांत नोंदली गेली आहे. ढेप, धान्य, गुरे यांच्या सौद्यात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत तर गुरांच्या बाजारात आजही क्वचित दिसते. खरीददार आणि दलाल यांचे हात रुमालाखाली, चेहरे आभाळाकडे, आणि ज्याचा बैल किंवा ज्याचा कापूस विकला जात आहे तो धनी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत आहे! गुप्तता नेहमी दुबळ्याच्या बाजूची असते अशी आपली एक भाबडी समजूत आहे. वऱ्हाडातील कापसाच्या बाजाराने ती केव्हाच खोटी ठरविली आहे.

म्हणून या मुलखातील शेतकऱ्याच्या संरक्षणाचे पहिले खरे साधन कुलूप नसून उघडेपणा हे होते. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा लाड येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील या जातीचा पहिला बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यामागून १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. दलाल आणि मापारी यांना परवाने, बाजारावर देखरेखीस समिती, आणि माप उघड्यावर, अशी ही व्यवस्था. ती निर्दोष होती असे म्हणवत नाही, समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. पण पुढे देशभर जे बाजारसमित्यांचे कायदे झाले त्यांचे मूळ येथे आहे.

त्याआधीच तार आली होती. खामगावचा लोहमार्ग आणि कापूसबाजार १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला, आणि त्याच वर्षी सुएझच्या मार्गाने समुद्रतळाची तार मुंबईस पोचली. तेव्हापासून लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात काही तासांत कळू लागला. तारेला शब्दागणिक दाम पडे आणि वाटेत ती कित्येक बाबूंच्या नजरेखालून जाई. म्हणून एका शब्दात अख्खे वाक्य कोंबणारी संकेतपुस्तके निघाली. छापील पुस्तके कोणासही विकत मिळत असल्यामुळे त्यांत बचत होई पण गुप्तता नसे, आणि म्हणून मोठ्या पेढ्या स्वतःचे खासगी संकेत ठेवीत. सरकारने १८८५ च्या तार कायद्यात सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली तार अडविण्याचा व पाहण्याचा अधिकार आपल्याकडे राखून ठेवला, आणि त्या अधिकाराचा वाद २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत तसाच चालत आला आहे.

या साऱ्या काळात कुणब्याच्या हाती काय होते? अंगठा. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अंमलदाराने १८५८ साली एका करारावर ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तेथून बोटांच्या ठशाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो. पण दस्तावर अंगठा उठविणाऱ्याला त्या दस्तात काय आहे हे वाचता येत नसे, आणि जी खूण त्याच्या संमतीची म्हणून घेतली जाई तीच पुढे कोर्टात त्याच्यावर उलटे. आधार क्रमांकाचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी सुरू झाले, तेव्हा हाच अंगठा पुन्हा नव्या दिमाखाने दरबारात आला. शिधावाटप दुकानातील यंत्रावर कापूस वेचून, निंदण करून झिजलेली बोटे उमटत नाहीत म्हणून बाई तीन तीन वेळा बोट पुसून ठेवते, हे दृश्य कोणत्याही खेड्यात पाहावे. अंगठ्यात आणखी एक खोड आहे. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. तेलंगणात २०१८ साली जमिनीच्या नोंदणीदस्तांवरचे ठसे उतरवून त्यांचे कृत्रिम अंगठे बनविल्याचा आणि त्यांवर सिमकार्डे चालू केल्याचा प्रकार उघडकीस आला. आधारातील बोटांची ओळख कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे आणि तीस पैसा पडत नाही. ती किती जणांनी वापरली आहे, हे वाचकाने आपल्या घरापासून विचारण्यास सुरुवात करावी.

संगणक वऱ्हाडात आला तो आधी महाविद्यालयांत आणि बँकांत. संगणकाची लागण त्याच्या पाठोपाठ फ्लॉपीतून आली. ब्रेन नावाचा पीसीवरचा आद्य विषाणू १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याच्या मागून आलेल्या मायकेलअँजेलो या विषाणूने बंद पाडलेले संगणक दुरुस्त करण्याच्या खटपटीतूनच मराठी मुलखाला आपले पहिले मोठे संरक्षण-साधन मिळाले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर कुटुंब पुण्यास आले होते. थोरला भाऊ कैलास दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करी, धाकटा संजय संगणक शिके; दुकानात येणाऱ्या दूषित यंत्रांसाठी संजयने जे छोटे निवारक लिहिले, त्यातून नव्वदीच्या मध्यास क्विक हील हे उत्पादन निघाले, आणि २०१६ साली त्या कंपनीचे समभाग शेअरबाजारात आले. परदेशी उत्पादने महानगरांत विकली जात असता जिल्ह्याच्या गावातील विक्रेत्याच्या फळीवर दिसे ती याच विषाणू-निवारकाची पेटी. माझ्या मते ही गोष्ट मराठी उद्योगाच्या इतिहासात जितकी यावयास हवी तितकी आलेली नाही.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००२ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक झाला, आणि अमरावती-अकोल्यापासून दर्यापूर-अकोटपर्यंतच्या टंकलेखन संस्थांनी आपली यंत्रे कोपऱ्यात सारून संगणक मांडले. एका पिढीला माऊस धरावयास यांनीच शिकविले. परंतु पाठ होते ते पत्र लिहिण्याचे आणि तक्ता करण्याचे. परवलीचा शब्द कसा निवडावा याला त्यांत जागा होती ती चिमूटभर, आणि वर्गातल्या सर्व संगणकांचा परवलीचा शब्द बहुधा एकच असे, तोही भिंतीवर खडूने लिहिलेला. पुढे पेनड्राइव्ह आले तेव्हा परीक्षेच्या दिवसांत विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानात जो तमाशा चाले तो असा: विद्यार्थी प्रकल्पाची फाईल घेऊन येई, दुकानदार पेनड्राइव्ह खोची, आणि पडद्यावर साऱ्या फोल्डरांच्या जागी त्यांच्याच नावाचे बाणाच्या खुणेचे शॉर्टकट उभे राहत. त्यांतील एकावर टिचकी मारली की लागण दुकानाच्या संगणकात, तेथून पुढच्या पन्नास विद्यार्थ्यांच्या खिशात. मायक्रोसॉफ्टने २०११ साली पेनड्राइव्ह खोचताच त्यातील आज्ञा आपोआप चालण्याची सोय जुन्या संगणकांवरही बंद केली, तेव्हा या रोगाचा एक मोठा मार्ग अरुंद झाला. गंमत अशी की त्या सुधारणेसाठी संगणक अद्ययावत करणे भाग होते, आणि बिनपरवान्याची प्रत वापरणाऱ्या दुकानदाराने अद्ययावत करण्याची सोयच भीतीने बंद करून ठेवलेली असे.

सरकारही उशिरा का होईना जागे झाले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला, त्याने अंकीय स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये म्हणून. आणि कागदाला कागद चिकटवून लांब केलेल्या दस्तावर सांध्यावरही शिक्का मारीत, ते मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. अंकीय स्वाक्षरी ही दोन्ही कामे एका दमात करते. एक मे २०१८ पासून असा स्वाक्षरित सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि ज्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दप्तराच्या पायऱ्या झिजवाव्या लागत तो आता पडताळणी-क्रमांकासह कोणासही तपासता येतो. या एका सुधारणेचे मी मनापासून स्वागत करतो, कारण तिच्यात किल्ली आणि कुलूप दोन्ही शेतकऱ्याला दिसतात.

केंद्राच्या संगणक-आपत्ती यंत्रणेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र उघडले आणि तेथे सी-डॅकने तयार केलेली काही साधने फुकट ठेवली: फोनसाठी एम-कवच, पेनड्राइव्हसाठी यूएसबी प्रतिरोध, आपल्या परवानगीवाचून कोणताही प्रोग्राम चालू न देणारे अ‍ॅप-संविद. नावे अस्सल संस्कृत, आणि आतल्या सूचना बव्हंशी इंग्रजी! घराच्या दारावर गणपती आणि आत बोलणारे कोणीच आपले नाही, अशी ही तऱ्हा आहे. परिणामी उत्तम साधने सरकारी दप्तरांच्या अहवालांत राहिली आणि अकोल्याच्या अडत्याच्या फोनपर्यंत पोचली नाहीत.

दरम्यान पैशानेच रूप पालटले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहारास दुसरी खूण सक्तीची केली आणि ओटीपी हा शब्द घरोघरी गेला. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, नोव्हेंबरातल्या नोटबंदीने ते पानटपरीपर्यंत नेले. पुण्याच्या कॉसमॉस या शंभरी उलटलेल्या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये, अठ्ठावीस देशांतील एटीएमांतूनही, निघून गेले, आणि तिजोरीच्या कुलपाला कोणी हातही लावला नाही. परंतु बँकेवर दरोडा पडला तर बातमी होते. शेतकऱ्याच्या फोनवर पीएम किसानच्या नावाने एक एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसविणारी फाईल, येते, तो ती उघडतो, तिला संदेश वाचण्याची परवानगी देतो, आणि कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे ओटीपीसह दुसऱ्याच्या हाती जातात, याची बातमी चार ओळींच्या पलीकडे जात नाही. गाविलगडाचा दरवाजा आतून उघडावयास निदान शिडी लागली होती.

आणि येथे दोषाचा प्रश्न उभा राहतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या आदेशाप्रमाणे, ना बँकेची ना ग्राहकाची चूक अशा प्रकारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाला भुर्दंड नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षाच्या डिसेंबरात तसाच आदेश गेला. मात्र ग्राहकाने आपल्या हयगयीने किल्ली दुसऱ्यास दिली असेल तर बँकेला कळविण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचेच. कायदा म्हणून यात वावगे काही नाही. परंतु सातशे वर्षे ज्याच्या हाती किल्ली दिली गेली नाही, त्याला ती एकाएकी देऊन, तिचा जाहीरनामा परक्या भाषेत छापून, वर हयगयीचा शेरा मारणे हा न्याय नव्हे. फोनवरच्या परवानगीच्या चौकटीत जे लिहिलेले असते ते वऱ्हाडातील बहुसंख्यांना सकळ लिपीहून अधिक सुबोध नसते, आणि येथे उपदेश देणारा गुरूही कोणी नाही.

रिद्धपूर येथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. जुन्या पोथ्यांच्या संशोधनाबरोबरच बँकांच्या, फोनच्या आणि सरकारी पोर्टलांच्या सुरक्षा-सूचना कुणब्याला कळतील अशा मराठीत घडविण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे, आणि बँकांनी व बाजारसमित्यांनी त्याचा खर्च उचलावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत वाचकाने घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी तोंडपाठ करवाव्यात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल कोणाच्याही नावाने आली तरी उघडावयाची नाही. आणि पैसे गेल्याचे ध्यानात येताच, लाज न बाळगता आणि सकाळची वाट न पाहता, १९३० या क्रमांकावर फोन करावयाचा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच तो गोठविता येतो, बाहेर काढला गेल्यावर उरते ती फक्त फिर्याद.